साठीच्या आसपास अमेरिकेत नोकरी सुटली तर: मेडिकेअर लागेपर्यंत आरोग्य विमा कसा टिकवायचा

अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या मराठी माणसांच्या गप्पांत हल्ली एक प्रश्न हटकून येतो. घराचं कर्ज फिटत आलंय, मुलं मार्गी लागलीत, ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात बऱ्यापैकी पुंजी आहे. पण वय एकसष्ट, आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, लागणार पासष्टला. कंपनीने उद्या हातात नारळ दिला, तर मधल्या चार वर्षांत इन्शुरन्सचं काय?

ही काळजी पोकळ नाही. २०२१ पासून मार्केटप्लेसवर, म्हणजे स्वतःचा विमा स्वतः विकत घ्यायच्या ज्या सरकारी बाजाराला लोक ओबामाकेअर म्हणतात तिथे, सरकारी मदत वाढवलेली होती. तिच्यामुळे उत्पन्न बरं असलेल्या साठीतल्या जोडप्यालाही प्रीमियम झेपत होता. ती वाढीव मदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. जानेवारी २०२६ पासून जुना नियम परत लागू झाला: उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या चौपटीच्या वर एक डॉलर जरी गेलं, तरी मदत शून्य. त्याची झळ सर्वांत जास्त बसते ती पन्नाशी-साठीतल्या लोकांना. कारण आजार बघून प्रीमियम वाढवायला कायद्याने बंदी असली, तरी वय बघून वाढवायला परवानगी आहे. बहुतेक राज्यांत ६४ वर्षांच्या माणसाकडून २१ वर्षांच्या तरुणाच्या तिप्पट प्रीमियम घेता येतो. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयानुसार फरक करता येत नाही.

भीतीपोटी माणसं दोन गोष्टी करतात. एक तर तब्येत साथ देत नसतानाही केवळ विम्यासाठी नोकरीला चिकटून राहतात, नाहीतर इंटरनेटवर दिसेल तो स्वस्त प्लॅन घेऊन मोकळी होतात. दोन्हींची गरज पडू नये म्हणून हा लेख. माझं सांगणं एवढंच आहे की पासष्टच्या आधीच्या वर्षांत तुमचा विमा दोन गोष्टींवर ठरतो: तारखा, आणि टॅक्स रिटर्नवर दिसणारा उत्पन्नाचा आकडा. दोन्ही बऱ्याच अंशी तुमच्या हातात असतात, पण नोकरी सोडण्याआधी विचार केला तरच. खाली दिलेले आकडे २०२६ चे आहेत. ते दर वर्षी बदलतात, त्यामुळे तुमच्या वर्षाचे आकडे ताडून घ्या.

पहिली पायरी: राजीनामा देण्याआधी एचआरला विचारायच्या गोष्टी

लेऑफची कुणकुण लागली असो किंवा स्वतःहून निवृत्त व्हायचं मनात असो, ही माहिती आधी काढून ठेवा.

- कंपनीचं कव्हर नेमकं कधी संपतं? कामाच्या शेवटच्या दिवशी, की त्या महिन्याच्या अखेरीस? महिनाअखेर असेल, तर ३१ तारखेऐवजी पुढच्या महिन्याच्या १ किंवा २ तारखेला शेवटचा दिवस धरला की आख्खा महिना पदरात पडतो.
- निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी काही आरोग्य योजना आहे का? खासगी कंपन्यांत ही सोय आता क्वचितच उरली आहे. सरकारी नोकरी, विद्यापीठं आणि जुन्या मोठ्या कंपन्या इथे मात्र ती असू शकते. कित्येकदा अट असते ती वय आणि नोकरीची वर्षं मिळून ठरावीक बेरीज होण्याची. सहा महिने कमी पडत असतील, तर ते सहा महिने काढणं शहाणपणाचं.
- सेव्हरन्समध्ये (नोकरी सोडताना कंपनी देते त्या पैशात) कोब्राचे, म्हणजे नोकरीनंतर तोच प्लॅन चालू ठेवण्याचे, काही महिने कंपनी भरणार आहे का? भरणार नसेल तर मागा. पगाराचा आकडा वाढवायला तयार नसलेली कंपनी कधी कधी तीन महिन्यांचा प्रीमियम द्यायला तयार होते.
- या वर्षीचं डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी खिशातून भरायची रक्कम) किती भरून झालं आहे? पुढच्या निर्णयात हा आकडा फार उपयोगी पडतो.

आणि कव्हर चालू आहे तोवर राहिलेली कामं उरकून घ्या: कोलोनोस्कोपी, मॅमोग्राम, डोळे, दात, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं ९० दिवसांचं रिफिल. आपल्याकडे 'नंतर बघू' म्हणून टाळायची सवय आहे, आणि नेमकी तीच तपासणी नव्या प्लॅनच्या नव्या डिडक्टिबलमध्ये येऊन पडते.

दुसरी पायरी: घरातच दुसरं कव्हर आहे का?

नवरा किंवा बायको नोकरीत असेल, तर आधी तिकडे बघा. कव्हर गेल्यावर जोडीदाराच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये शिरायला साधारण ३० दिवस मिळतात. मार्केटप्लेसला ६० दिवस असतात, त्यामुळे अनेकांना इथेही तेवढेच आहेत असं वाटतं आणि संधी हुकते. कंपनी सुट्टीच्या मूडमध्ये असताना, डिसेंबरात कव्हर गेलं तर पहिल्याच आठवड्यात ईमेल टाका.

एक अडचण लक्षात घ्या. जोडीदाराच्या कंपनीचा प्लॅन सरकारच्या व्याख्येत 'परवडणारा' ठरला, तर मार्केटप्लेसवर मदत मिळत नाही, मग तुम्ही तो घ्या किंवा घेऊ नका. २०२६ साठी ही सीमा घरच्या उत्पन्नाच्या ९.९६ टक्के आहे, आणि जोडीदारासाठी ती मोजताना सगळ्या कुटुंबाच्या कव्हरचा हप्ता धरतात.

तिसरी पायरी: कोब्रा घ्यायचं की मार्केटप्लेस?

कोब्रा म्हणजे कंपनीचाच प्लॅन स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवणं. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना हा केंद्रीय कायदा लागू होतो. नोकरी सुटल्यावर १८ महिने मिळतात. प्रीमियम पूर्ण तुमचा, म्हणजे तुमचा वाटा अधिक कंपनीचा वाटा अधिक दोन टक्के. पे-स्टबवर दोनशे-तीनशे डॉलर कापले जाताना बघण्याची सवय असते, त्यामुळे कोब्राचं पत्र उघडल्यावर धक्का बसतो. पण तो प्लॅन आधीही तेवढ्याचाच होता, कंपनी भरत होती एवढंच.

पत्र मिळाल्यापासून किंवा कव्हर संपल्यापासून, यातली जी तारीख नंतरची असेल तिथून, निर्णयाला ६० दिवस मिळतात. होकार दिल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस. आणि कव्हर मागच्या तारखेपासून, खंड न पडता लागू होतं. मात्र मधल्या महिन्यांचे पैसेही भरावे लागतात. याचा अर्थ असा की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून दुसरं कव्हर सुरू होणारच असेल, तर मधल्या तीन आठवड्यांसाठी कोब्राचे पैसे भरायची घाई नको. काही गंभीर घडलंच, तर ६० दिवसांच्या आत होकार देऊन ते दिवस भरून काढता येतात. पत्र नीट जपून ठेवा, मुदतीची तारीख कॅलेंडरवर टाका.

मार्केटप्लेसवर कव्हर जाण्याच्या आधीचे ६० दिवस आणि नंतरचे ६० दिवस अशी खास मुदत मिळते. प्लॅन निवडला की साधारणपणे पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तो सुरू होतो. जुना आजार आहे म्हणून नाही म्हणता येत नाही, प्रीमियमही वाढवता येत नाही. बायपास झालेल्या, कॅन्सरमधून उठलेल्या माणसालाही तोच दर. पन्नाशीनंतर याहून मोठी सोय कुठली नाही.

मग निवड कशी करायची? माझा ढोबळ नियम असा. नोकरी वर्षाच्या पहिल्या सहामाहीत सुटली, डिडक्टिबल फारसं भरलेलं नाही आणि या वर्षीचं उत्पन्न मर्यादेत ठेवता येईल, तर थेट मार्केटप्लेस. नोकरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुटली, डिडक्टिबल भरून झालंय, एखादं ऑपरेशन किंवा उपचार अर्धवट आहेत, तर डिसेंबरअखेरपर्यंत कोब्रा आणि १ जानेवारीपासून मार्केटप्लेस. तसंही त्या वर्षी नऊ-दहा महिन्यांचा पगार झालेला असतो, त्यामुळे मदत मिळण्याची शक्यता कमीच. आणि नवा प्लॅन घेतला की डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून.

कोब्रामध्ये एक पाचर आहे. एकदा सुरुवातीचे ६० दिवस उलटले, की 'महाग पडतंय' म्हणून कोब्रा मध्येच सोडून मार्केटप्लेसवर जाता येत नाही. १८ महिने संपावे लागतात, कंपनी भरत असलेला वाटा थांबावा लागतो, नाहीतर ओपन एनरोलमेंटची, म्हणजे दर वर्षीच्या सर्वांसाठीच्या नावनोंदणीची, वाट बघावी लागते. हे एनरोलमेंट १ नोव्हेंबरला सुरू होतं. आतापर्यंत ते बहुतेक राज्यांत १५ जानेवारीपर्यंत चालायचं. नव्या नियमानुसार २०२७ च्या प्लॅनपासून केंद्राच्या वेबसाइटवर ते १५ डिसेंबरलाच बंद होणार आहे. स्वतःचं मार्केटप्लेस चालवणाऱ्या राज्यांच्या तारखा वेगळ्या असू शकतात.

चौथी पायरी: उत्पन्नाचा आकडा

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळा पैसा इथे वाचतो किंवा जातो.

मदत ठरते ती तुमच्याकडे पैसे किती आहेत यावर नव्हे, त्या वर्षी तुमचं उत्पन्न किती दिसतं यावर. बँकेत पाच लाख डॉलर असतील तरी हरकत नाही. त्यावरचं व्याज तेवढं मोजलं जातं. या आकड्याला इथे एमएजीआय म्हणतात. टॅक्स रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न घ्यायचं, त्यात करमुक्त व्याज, सोशल सिक्युरिटीचा करमुक्त भाग आणि परदेशी कमाईची वजावट घेतली असेल तर ती, हे परत मिळवायचं.

२०२६ च्या कव्हरसाठी चौपटीची सीमा एकट्या माणसाला ६२,६०० डॉलर आणि दोघांच्या घराला ८४,६०० डॉलर आहे (अलास्का आणि हवाई वेगळे). या सीमेच्या आत, तिच्या जवळ असाल, तर बेंचमार्क सिल्व्हर प्लॅनसाठी (मदत मोजायला धरतात तो मधल्या दर्जाचा प्लॅन) तुमच्याकडून उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ९.९६ टक्के घेतले जातात आणि उरलेलं सरकार भरतं. सीमा ओलांडली की सगळा प्रीमियम तुमचा. साठीतल्या दोघांसाठी तो वर्षाला वीस हजार डॉलरच्या पुढे जाणं अनेक ठिकाणी नवलाचं नाही.

काय काय मोजलं जातं? पगार, बोनस, सेव्हरन्स, न वापरलेल्या सुट्टीचे पैसे, बेकारी भत्ता, पारंपरिक ४०१-के किंवा आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं) मधून काढलेली प्रत्येक रक्कम, रॉथमध्ये (आधीच कर भरलेल्या पैशाच्या निवृत्ती खात्यात) रूपांतर केलेली रक्कम, शेअर विकून झालेला नफा, पेन्शन, भाडं. सोशल सिक्युरिटी ६२ व्या वर्षी सुरू केली तर तिचा प्रत्येक डॉलर मोजला जातो. केवळ विम्याचे हप्ते भरता यावेत म्हणून ती लवकर सुरू करणं त्यामुळे दुहेरी नुकसानीचं ठरू शकतं: मासिक रक्कम कायमची कमी, आणि वर मदतही जाते.

काय मोजलं जात नाही? बँकेतली स्वतःची बचत काढणं, पात्र रॉथमधले पैसे, एचएसएमधून (औषधोपचारासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) औषधोपचाराला काढलेले पैसे, राहतं घर विकून झालेल्या नफ्याचा सवलतीत बसणारा भाग, वारसाहक्काने आलेली रक्कम. म्हणून निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधीपासून थोडी रक्कम साध्या बचतीत आणि रॉथमध्ये साठवत जा. बासष्टीत घरखर्च तिथून चालला, तर रिटर्नवरचं उत्पन्न आपोआप आटोक्यात राहतं.

आता भारतातल्या पैशाकडे या. आपल्या लोकांचा सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. अमेरिकेचा रहिवासी करदाता म्हणून जगभरचं उत्पन्न इथल्या रिटर्नवर यायला हवं. एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एनआरओ खात्याचं व्याज, भावाबरोबर विकलेल्या वडिलोपार्जित जमिनीतला नफा, हे सगळं एमएजीआयमध्ये येतं. शिवाय भारतातले टीडीएसचे कागद एप्रिल ते मार्चचे असतात, आणि अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. फेब्रुवारीत जमा झालेलं व्याज कुठल्या वर्षात धरायचं हे बँकेच्या स्टेटमेंटवरून स्वतः काढावं लागतं. फ्लॅट विकायचाच असेल, तर नोकरीत असतानाच्या वर्षात किंवा पासष्टनंतर विकता येईल का ते बघा.

एक उदाहरण मांडतो. नवरा ६२ चा, बायको ६० ची, दोघंही निवृत्त. आयआरएमधून काढलेले पैसे, व्याज, भारतातलं भाडं धरून वर्षाचं उत्पन्न ९४,००० डॉलर होतंय. सीमा ८४,६००. म्हणजे मदत नाही. पण १ जानेवारी २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्राँझ (कमी हप्त्याचे, जास्त डिडक्टिबलचे) प्लॅन एचएसएसाठी पात्र झाले आहेत. दोघांनी ब्राँझ प्लॅन घेतला, तर २०२६ साठी एचएसएमध्ये कुटुंबाची मर्यादा ८,७५० डॉलर, आणि पंचावन्नच्या पुढच्यांना प्रत्येकी १,००० जास्त. बायकोचे जास्तीचे हजार तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जायला हवेत. एकूण १०,७५०. पगार चालू असण्याची अट एचएसएला नाही. ९४,००० मधून १०,७५० वजा केले की राहतात ८३,२५०, आणि हे जोडपं सीमेच्या आत येतं. बेंचमार्क प्लॅनसाठी त्यांचा वाटा वर्षाला सुमारे ८,२९० डॉलर होतो, आणि ब्राँझ त्याहून स्वस्त असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी. एचएसएत टाकलेले पैसेही त्यांचेच राहतात. एचएसएची रक्कम पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये टॅक्स भरण्याच्या मुदतीपर्यंत टाकता येते, त्यामुळे वर्ष संपल्यावर आकडा थोडा वर गेलेला दिसला तरी उपाय शिल्लक असतो.

मात्र सीमेच्या अगदी कडेला चालू नका. आधी अंदाज चुकला तरी परत करायच्या रकमेवर कमाल मर्यादा होती. २०२६ पासून ती काढून टाकली आहे. वर्षभर घेतलेली मदत आणि प्रत्यक्ष हक्काची मदत यातला पूर्ण फरक टॅक्स भरताना परत करावा लागतो. सीमा ओलांडली तर आख्ख्या वर्षाची मदत परत. म्युच्युअल फंड डिसेंबरात कॅपिटल गेनचं वाटप जाहीर करतात, आणि तुम्ही काही विकलेलं नसतानाही दोन-चार हजारांचं उत्पन्न अंगावर येतं. त्यासाठी दोन-तीन हजारांची जागा मोकळी सोडा, आणि दर तीन महिन्यांनी आकड्यांची बेरीज करा. वर्षाच्या मध्ये अंदाज बदलला तर मार्केटप्लेसवर लगेच नोंदवा. आणि विवाहित असाल तर रिटर्न एकत्र भरावं लागतं. वेगवेगळं भरलं तर अपवाद सोडता मदत नाही.

दुसऱ्या टोकालाही एक खड्डा आहे. उत्पन्न फार कमी दाखवलं, तर मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) विस्तारलेल्या राज्यांत तुम्हाला मेडिकेडकडे पाठवतात. ती सीमा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया यांनी हा विस्तार केलेला नाही. ह्यूस्टन-डॅलसमध्ये राहणाऱ्या, मुलं मोठी झालेल्या दोघांचं उत्पन्न २१,१५० डॉलरच्या खाली गेलं, तर ना मेडिकेड, ना मार्केटप्लेसची मदत. तिथे थोडं रॉथ रूपांतर करून आकडा मुद्दाम वर आणणं योग्य. विस्तारलेल्या राज्यांतही २०२७ च्या सुरुवातीपासून मेडिकेडच्या या गटासाठी ६४ वर्षांपर्यंत महिना ८० तास कामाची अट येते आहे, सवलती सोडून.

पाचवी पायरी: प्लॅन निवडताना

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीच्या आत असेल (२०२६ साठी दोघांना ५२,८७५ डॉलर), तर सिल्व्हरच घ्या. डिडक्टिबल आणि को-पे (दर भेटीला द्यायची रक्कम) कमी करणारी जादा सवलत फक्त सिल्व्हरमध्ये मिळते. त्याच्या वर असाल तर ब्राँझ आणि एचएसए हा जोड बघा. चौपटीच्या वर गेलात आणि मदत नाहीच, तर २०२६ मध्ये अशा लोकांना हार्डशिप (अडचणीच्या) सवलतीवर कॅटॅस्ट्रॉफिक, म्हणजे मुख्यतः मोठ्या आजारपणासाठीचा, प्लॅन घ्यायची मुभा मिळाली आहे. तो स्वस्त असेलच असं नाही, पण दर विचारून बघा.

प्रीमियमच्या शेजारी नेहमी दुसरा आकडा लिहा: वर्षभरात खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम. २०२६ मध्ये कायद्याने ती एका माणसाला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही. एवढे पैसे अडीअडचणीला बाजूला आहेत का, हा खरा प्रश्न.

डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का, हे वेबसाइटवर बघून थांबू नका. क्लिनिकला फोन करा आणि प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. 'तुम्ही अमुक कंपनीचा इन्शुरन्स घेता का?' या प्रश्नाला उत्तर 'हो'च येतं, कारण त्याच कंपनीचे नोकरदारांचे प्लॅन ते घेत असतात. मार्केटप्लेसचं नेटवर्क बहुधा लहान असतं. हृदयाचा डॉक्टर, मधुमेहाचा डॉक्टर, जवळचं हॉस्पिटल, असं एकेक तपासा. औषधांची यादीही तशीच, डोसासकट. इन्सुलिनचा एक ब्रँड यादीत असतो आणि दुसरा नसतो. हिवाळ्यात तीन महिने भारतात जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की मार्केटप्लेसचे प्लॅन तिथले उपचार सहसा भरत नाहीत. त्यासाठी प्रवासाचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

राज्याची स्वतःची मदतही बघा. न्यू जर्सी दारिद्र्यरेषेच्या सहापटीपर्यंत राज्याच्या तिजोरीतून मदत देतं, आणि एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत राहणाऱ्या आपल्या कित्येक लोकांना याचा पत्ता नसतो. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स यांसारख्या राज्यांत विमा अजिबात न घेतल्यास राज्याचा दंडही आहे.

स्वस्त दिसणाऱ्या गोष्टी

महिना दोनशे डॉलरमध्ये 'संपूर्ण कव्हर' अशा फोनला बळी पडू नका. अल्प मुदतीचे प्लॅन जुना आजार बघून नाकारू शकतात किंवा त्याचा खर्च वगळू शकतात. दिवसाला ठरावीक रक्कम देणारे प्लॅन हॉस्पिटलच्या बिलापुढे टिकत नाहीत. धार्मिक संस्थांच्या हेल्थ शेअरिंग योजना हा विमाच नव्हे, बिल भरण्याची कायदेशीर हमी तिथे नसते. आणि यातलं काही घेऊन ते बंद पडलं, तर मार्केटप्लेसची खास मुदत मिळत नाही. पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत उघड्यावर राहावं लागतं.

व्हिसा, ग्रीन कार्ड आणि आईवडील

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना २०२६ मध्ये मार्केटप्लेसची मदत मिळू शकते, पण २०२५ च्या जुलैतल्या कायद्यानुसार २०२७ पासून ती बहुतांशी ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांच्यापुरतीच राहणार आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत पन्नाशी ओलांडलेल्यांनी हे आत्ताच गृहीत धरावं.

मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेल्या आईवडिलांचं दुखणं वेगळं. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत त्यांना सहसा मेडिकेड मिळत नाही. पूर्वी अशा कमी उत्पन्नाच्या कायदेशीर रहिवाशांना दारिद्र्यरेषेच्या खाली असूनही मार्केटप्लेसची मदत मिळायची. २०२६ पासून ती बंद झाली. त्यांच्या स्वतःच्या रिटर्नवर उत्पन्न रेषेच्या वर दाखवता आलं, म्हणजे भारतातली पेन्शन, व्याज, भाडं प्रामाणिकपणे नोंदवून ते रेषेपार जात असेल, तर वाट उघडी आहे. आईवडिलांची पेन्शन 'तिकडचीच' म्हणून न दाखवणं कायद्याच्या दृष्टीने चूक आहेच, आता ते त्यांच्याच विम्याच्या आड येतं.

शेवटची पायरी: पासष्ट

दहा वर्षांच्या कामाचे, म्हणजे ४० क्रेडिट भरले असतील तर मेडिकेअर पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) फुकट मिळतं. एच-वन-बीवरची वर्षं धरली जातात, भारतातली नाही. दोन देशांत तसा करार नाही. घर सांभाळण्यात, एच-फोरवर (जोडीदाराच्या व्हिसावर) ज्यांची वर्षं गेली, त्या बायकांनी घाबरू नये: नवऱ्याचे ४० क्रेडिट असतील आणि तो किमान ६२ चा असेल, तर बायकोला तिच्या पासष्टीला त्याच्या नोंदीवर पार्ट ए फुकट मिळतं. ज्यांना तोही आधार नाही, त्यांना ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर विकत घेता येतं. २०२६ मध्ये पार्ट ए साठी महिना ५६५ डॉलरपर्यंत. पार्ट बी (डॉक्टर आणि हॉस्पिटलबाहेरच्या उपचारांचा विमा) सगळ्यांनाच विकत घ्यावं लागतं, २०२६ चा मूळ दर महिना २०२.९० डॉलर. जास्त उत्पन्नवाल्यांना तो वाढतो, आणि तिथे दोन वर्षं आधीचं उत्पन्न बघतात. म्हणजे ६३ व्या वर्षी फ्लॅट विकलात, तर ६५ व्या वर्षी त्याचा भार पार्ट बीवर येऊ शकतो.

नवरा पासष्टला मेडिकेअरवर गेला की बायको आपोआप जात नाही. तो नोकरी सोडतोय आणि ती एकसष्टची आहे, तर तिच्यासाठी कोब्रा किंवा मार्केटप्लेस ही वरची सगळी वाट पुन्हा सुरू होते. तो आधी मेडिकेअरवर जाऊन अठरा महिन्यांच्या आत नोकरी सोडतो, तर तिचं कोब्रा त्याच्या मेडिकेअरच्या तारखेपासून ३६ महिन्यांपर्यंत चालू शकतं. दोघांच्या वयात अंतर असेल तर निवृत्तीची तारीख ठरवताना हे गणित कंपनीच्या प्लॅन प्रशासकाकडून लेखी करून घ्या.

पासष्टचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन अशी सात महिन्यांची पहिली मुदत असते. आधीच्या तीन महिन्यांतच नाव घाला, म्हणजे खंड पडत नाही. कोब्रावर आहोत म्हणून पार्ट बी थांबवणं ही महागात पडणारी गोष्ट: मेडिकेअरच्या लेखी कोब्रा म्हणजे नोकरीचं कव्हर नव्हे, आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पार्ट बीवर दहा टक्के दंड कायमचा बसतो. नोकरी चालूच असेल, तर २० पेक्षा कमी माणसांच्या कंपनीत मेडिकेअर आधी पैसे देतं, म्हणून तिथेही पार्ट बी वेळेवर घ्या. पासष्टनंतर मेडिकेअर उशिरा घेत असाल, तर आधीचे सहा महिने एचएसएमध्ये भर घालू नका. पार्ट ए सहा महिने मागे जाऊन लागू होतं.

प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्लासेवा आहे. ती काही विकत नाही, त्यामुळे एजंटाच्या आधी तिथे फोन करा. इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल तर दुभाषा मागता येतो. मेडिकेअर सुरू होण्याची तारीख हातात आली की मार्केटप्लेसचा प्लॅन स्वतः बंद करा. तो आपोआप बंद होत नाही, आणि पार्ट ए फुकट लागू झाल्यावरही मदत घेत राहिलात तर ते महिने पुढच्या टॅक्समध्ये वसूल होतात. दोघांचा प्लॅन एकत्र असेल, तर फक्त पासष्ट झालेल्याचं नाव काढायला सांगा, पूर्ण प्लॅन रद्द करायला नको. आणि दुसऱ्याचं कव्हर चालू असल्याचं विमा कंपनीकडून लेखी मागून घ्या.